समसप्तक, प्रतियोग की नुसतं 'विरुद्ध राशी'?

केतकी: राशींवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. मेष-तूळ, वृषभ-वृश्चिक, कर्क-मकर अशा समोरासमोरच्या जोड्या एकमेकींना कशा सावरतात यावर आहे. मी 'विरुद्ध राशी' लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या, अगं वैर आहे का त्यांचं, समसप्तक म्हण. पण समसप्तक म्हटलं की पत्रिका जुळवणंच डोळ्यासमोर येतं. दुसरा शब्द आहे का?

पिंपळपान: सासूबाई बरोबर आहेत. मेषेपासून मोजा, तूळ सातवी, तुळेपासून मोजा, मेष सातवी, म्हणून सम. दुसऱ्या-बाराव्याचं किंवा नवपंचमाचं (एकीकडून पाचवी, दुसरीकडून नववी) तसं नाही. आणि गुणमेलनात राशिकूटाचे, म्हणजे दोन राशींच्या मेळाचे, ७ पैकी ७ गुण देतात या जोडीला, तिला विरुद्ध कसं म्हणणार?

दुर्बीण: आम्ही आकाश बघणारे प्रतियुती म्हणतो, म्हणजे ग्रह सूर्याच्या बरोबर समोर. गुरू प्रतियुतीत असला की इकडे सूर्य मावळतो आणि तिकडे पूर्वेला गुरू उगवतो, रात्रभर दिसतो. तोच शब्द घ्या की.

पिंपळपान: प्रतियुती ग्रहांची, राशींची नाही. ज्योतिषातला प्रतियोग, म्हणजे समोरासमोर असण्याचा योग, तोपण ग्रहांचाच.

सोनचाफा: मी 'पूरक राशी' लिहीन. रवी मेषेत उच्चीचा म्हणजे बलवान आणि तुळेत नीचीचा म्हणजे दुबळा, शनीचं बरोब्बर उलटं. मेषेला स्वतःपुढे काही दिसत नाही आणि तूळ दुसऱ्याचं मन राखता राखता स्वतःचं विसरते. अग्नीसमोर वायू, पृथ्वीसमोर जल, सहाही जोड्यांत हेच. माझी मेष, ह्यांची तूळ, घरात निर्णय मी घेते आणि माणसं हे सांभाळतात.

रानवाट: पूरक फार पुस्तकी वाटतं हो. आमच्याकडे सरळ 'समोरची रास' म्हणतात, सगळ्यांना कळतं. खरं भांडण षडाष्टकाचं (एकीकडून सहावी, दुसरीकडून आठवी रास), त्यावरूनच खडाष्टक आलं ना?

पिंपळपान: मुळात षट् + अष्टक म्हणजे षडष्टक. षडाष्टक चूक, खडाष्टक तर अपभ्रंशच.

रानवाट: अपभ्रंश म्हणून हिणवू नका. माझे आजोबा नाशिकचे, शुक्ल यजुर्वेदी, पुरुषसूक्त 'सहस्रशीर्खा पुरुखः' असंच म्हणायचे. ष चा ख करणं त्यांच्या शाखेत शुद्धच आहे, मग खडाष्टक अशुद्ध कसं?

पिंपळपान: तो वेदपठणाचा नियम, बोलीला कशाला लावायचा?

दुर्बीण: मग छत्तीसचा आकडा पण पत्रिकेतूनच आला असणार, ३६ गुण?

सोनचाफा: छे, ३६ गुण जुळले तर उत्तमच की. ३६ लिहून बघा, ३ आणि ६ पाठ फिरवून बसलेत. समसप्तकाचा आकडा ६३, दोघं समोरासमोर.

दुर्बीण: हे आकार नंतर चिकटवलेलं स्पष्टीकरण वाटतंय मला. मोडी लिपीत ३ आणि ६ कसे काढायचे, कुणी सांगेल का?