ब्लोअर फक्त चारवरच चालतो, त्याबद्दल

एकाने आपल्या पिकअपच्या ब्लोअरबद्दल (केबिनमध्ये वारा फेकणारा पंखा) विचारलंय: स्पीडचा नॉब एक-दोन-तीनवर काहीच नाही आणि चारवर टाकला की जोरात वारा. हे लक्षण वाचल्यावर मोटर बदलायची घाई करू नका असं सांगावंसं वाटलं. चारवर चालते म्हणजे मोटर आणि फ्यूज दोन्ही जिवंत आहेत. साध्या नॉबच्या पिकअपमध्ये खालच्या स्पीडचा करंट रेझिस्टरमधून (करंट कमी करून मोटर हळू फिरवणारा भाग) जातो, शेवटच्याचा मात्र त्याला वगळून थेट. त्यामुळे पहिला संशय रेझिस्टरवरच. (ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल तर तिथे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, हा हिशेब लागू नाही.)

रेझिस्टर बहुधा ग्लोव्ह बॉक्समागे, हवेच्या डक्टमध्येच खोचलेला असतो, वाऱ्याने गार राहावा म्हणून. काढलात की कनेक्टर नीट बघा. पिना काळवंडल्या असतील, प्लास्टिक वितळून तपकिरी झालं असेल तर नुसता रेझिस्टर घालून भागणार नाही, कनेक्टरही बदला. नाहीतर नवाही जळणार.

आणि रेझिस्टर कशामुळे जळला, हेही बघायला हवं. केबिन फिल्टर धुळीने गच्च असेल तर वारा कमी, रेझिस्टर तापतो. मोटरचं बेअरिंग जड झालं असेल तर ती जास्त करंट ओढते. गाडी बंद करून पंखा बोटाने फिरवून बघा, सहज फिरला पाहिजे. पानं-काड्याही अडकलेल्या सापडतात.

याच प्रश्नावर कोणीतरी मोठा फ्यूज टाकायला सांगितलंय. अजिबात नको, वायरिंग पेटेल.

रिले (मोटरला करंट देणारा स्विच), अर्थिंग वगैरे ब्लोअर चारवरही बंद पडला तरच तपासा.