सीबीझेडचं हेड पोर्ट केलं आणि खालचा पिकअप गेला. मदत हवी आहे

राम राम मंडळी.

गाडी १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड, १५६.८ सीसी, आमच्या अण्णांची. रिंगा बदलायला इंजिन उघडलंच होतं. म्हटलं, हेड (सिलिंडरवरचं झाकण) हातात आहे तर इनटेक पोर्ट, म्हणजे हवा-पेट्रोल आत जायची वाट, साफ करून घेऊ. साफ करता करता जरा जास्तच झालं.

डाय ग्राइंडर भाड्याने आणला. त्याच्या बरच्या (फिरणाऱ्या कापत्या टोकाच्या) दातांत अॅल्युमिनियम अडकतं म्हणून डिझेल लावत लावत ओतकामाच्या कडा काढल्या, वाल्व्ह गाइडजवळचा (वाल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिथला) उंचवटा थोडा उतरवला. इथवर ठीक होतं. मग गॅस्केट ठेवून मार्करने रेघ मारली आणि पोर्टचं तोंड त्या रेघेपर्यंत नेलं, म्हणजे अडीच मिमी मोठं. वर एमरी पेपरने आरशासारखी चकाकी. फोटो स्टेटसला पण टाकला होता, हसू नका.

आता सहा हजार आरपीएमच्या पुढे गाडी खरंच मोकळी पळते, पण खाली जीवच नाही. अॅक्सिलरेटर पंपवाला कार्ब असून सिग्नलवरून निघताना गचका खाते. कुंभार्ली घाटात जी वळणं तिसऱ्यात निघायची, तिथे आता दुसरा टाकावा लागतो.

टॅपेट (वाल्व्हची फट) बघितले. वाल्व्ह लॅप केलेत, म्हणजे सीटवर घासून बसवलेत, पेट्रोल ओतून पाहिलं, गळत नाही. मॅनिफोल्डच्या (कार्ब आणि हेडमधल्या नळीच्या) जोडावर कार्ब क्लीनर मारला तरी आरपीएम हलत नाही, म्हणजे हवा ओढत नाहीये. प्लग तपकिरी.

मग भंगारातून तसंच एक हेड आणलं. वाल्व्ह बंद ठेवून सिरिंजने दोन्ही पोर्ट डिझेलने भरले. जुन्यात २२ मिली बसलं, माझ्यात २५. माझा अंदाज असा की पोर्ट मोठा झाल्याने कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, आणि गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे ओघळ धरतात. शिवाय मॅनिफोल्डचं भोक जुनंच आहे, त्यामुळे जोडावर पायरी झालीय ती वेगळीच.

भिंत ८० नंबरच्या पेपरने परत खरबरीत केली तर काही फरक पडेल, की वेग गेला तो गेलाच? एक मेकॅनिक म्हणतो पोर्टच्या तळाला इपॉक्सी भर. कुणी भरून चालवलंय का, किती किलोमीटर टिकलं? तुकडा सुटून वाल्व्हखाली आला तर काय, ही धास्ती आहे. की सरळ भंगारातलं हेड घेऊन फक्त वाल्व्ह सीटखालचा (वाल्व्ह टेकतो त्या कडीखालचा) भाग नीट करू आणि तोंडाला हातच लावू नको? पोर्ट सीटकडे वळतो तिथली आतली कड मी अजून कुठल्याच हेडवर घासलेली नाही. तिथे किती काढायचं, हेही सांगा.

कराड-कोल्हापूर भागात कुणाकडे फ्लो बेंच (पोर्टमधून किती हवा जाते ते मोजायचं यंत्र) असेल तर दोन्ही हेड घेऊन येतो.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय कार्बमध्ये कचरा आहे.