डोंगरावरच्या इटालियन गावांतली पायपीट: तुमचे अनुभव

भटकी_मावशी
आज स्टेशनवरचा सरकता जिना बंद. भाजीच्या पिशव्या घेऊन धापा टाकत चढताना इटलीतलं डोंगरावरचं पेरूजा आठवलं. लेक तिथे इटालियन शिकत होती. खाली पियात्सा पार्तिजानीला बस सोडते आणि उरलेला डोंगर सरकत्या जिन्यांनी चढायचा, तोही किल्ल्याच्या पोटातून! १५४० मध्ये मिठाच्या करावरून गावाने पोपशी वैर घेतलं नि हरलं. मग पोप तिसऱ्या पॉलने गावच्या बड्या बाल्योनी घराण्याची घरंदारं पाडून, बुजवून वर हा किल्ला, रोक्का पाओलिना, उभा केला. त्या गल्ल्या अजून आत आहेत. विटांच्या कमानी, भरदुपारी दिवे, भिंतीत कुणाच्या तरी घराचं दार. वर पोचलात की कोर्सो वान्नुच्ची हा मुख्य रस्ता आणि डोळे दिपवणारं ऊन. तिथून चौकातलं जुनं कारंजं, मग उतरत उतरत एत्रुस्कन कमान, रोमनांच्याही आधीच्या लोकांची.
असल्या गावांतून फिरला असाल तर लिहा. गाइडबुक नको, अनुभव हवेत.

सदा_उशिरा
त्या किल्ल्यात माझं नेटवर्क गेलं. ऑफिसचा एक फोन नाही. सुख!

ओवी
मावशी, मी आत्ता पेरूजातच आहे!! जुन्या पाटावरून चालला नाहीत का? मध्ययुगात मोंते पाच्यानो डोंगरावरून कारंज्याला पाणी आणायला बांधलेला, आता वरून पायवाट. लोकांच्या खिडक्यांसमोरून जातो. काल एका आजींनी चादर झटकली ती थेट माझ्या डोक्यावर. "स्कूझी" म्हणाल्या आणि परत झटकली 😂

खडूस
वरचा किल्ला आता का दिसत नाही तेही सांगा की. १८६० ला पोपची सत्ता गेली आणि गावकऱ्यांनी हौसेने पाडला. राग तीनशे वर्षं सांभाळून ठेवलेला. आवडलं आपल्याला.
कारंजं निकोला आणि जोव्हान्नी पिसानो या बापलेकांचं, १२७८ चं. बारा महिन्यांची शेतीची कामं कोरलीयत, ती गोल फिरून बघा. लोक सेल्फी काढून निघतात.

गुडघे_बोलतात
उतार चढापेक्षा वाईट. ओर्व्हिएतोला, तेही असंच डोंगरावरचं गाव, सान पात्रित्सियोच्या विहिरीत उतरले होते. २४८ पायऱ्या, उतरायचा जिना वेगळा, चढायचा वेगळा. पाणी वाहणारी गाढवं समोरासमोर येऊ नयेत म्हणून. मध्येच खिडकीतून पलीकडे नवरा वर चढताना दिसला. मला न घेता!

सदा_उशिरा
काका सुज्ञ 😄

गुडघे_बोलतात
कुणी चांगला नी-कॅप सुचवेल का?

मीठ_कमी
पावाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? अळणी! म्हणे त्याच मिठाच्या करावर रुसून गावाने मीठ सोडलं. मला पटत नाही, शेजारच्या तस्कानी प्रांतातही पाव अळणीच असतो. आम्ही लिंबाच्या लोणच्याशी संपवला.

भटकी_मावशी
@गुडघे, व्यनि केलाय.
@मीठ_कमी, अगं तो पाव सॉसेजबरोबर खायचा, ते खारट असतं. शाकाहारी माणसाने तोर्ता अल तेस्तो घ्यावा, तव्यावरची जाड रोटीच ती, आत पालेभाजी नि चीज.

ओवी
लोणचं नका ना काढू, माझं संपलंय 😭 इथे कैरी मिळत नाही.

मीठ_कमी
हिरव्या सफरचंदाचं घाल. आंबट बघून घे, साल ठेव. मोहरी-हिंग आहे का?

ओवी
मोहरी आहे, हिंग शेजारीण फेकून द्यायला निघाली होती, वासामुळे.