फ्रंट लोड मशीन पाणी सोडत नाही, स्पिनही होत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्यात राहतो. मशीन कपडे व्यवस्थित धुते, पण शेवटी पाणी ड्रममध्ये तसंच राहतं आणि स्पिन लागतच नाही. पाणी गेल्याशिवाय स्पिन सुरू होत नाही, म्हणजे मूळ दुखणं ड्रेनचंच असावं.

खालचा फिल्टर काढला. केसांचा गुंता, एक नाणं आणि शर्टाचं बटण निघालं. साफ करून परत बसवला. ड्रेन पाइप कुठे दुमडलेला नाही. बादलीत सोडून पाहिला, तरी धार येत नाही. पंप नुसता घूं घूं करतो. प्लग काढून फिल्टरच्या भोकातून टॉर्च मारली, तर आतला पंखा दिसतो. काडीने ढकलला की अडखळत, झटके देत फिरतो. हे झटके लोहचुंबकामुळे नेहमीचेच, की पंप गेला?

सर्व्हिसवाला न बघताच फोनवर ‘बोर्ड गेला’ म्हणतो, म्हणजे मशीन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट. मला पटत नाही. बोर्ड गेला असता तर पंप घुमला असता का?

मल्टिमीटर आहे. पंपाच्या दोन टोकांत साधारण किती ओहम यायला हवेत? आणि फोंडा-म्हार्दोळ भागात सुटा पंप कुठे मिळेल? चवथ तोंडावर आलीय, बाहेर पाऊस, हाताने पिळलेल्या चादरी काही वाळत नाहीत.