जुन्या घरात पाहुणे : सातारा-सांगलीकडचे अनुभव

वडिलोपार्जित वाड्यात पाहुणे ठेवणारी घरं आपल्याकडे आता बरीच झाली. काही पर्यटन विभागाच्या न्याहारी व निवास योजनेतली, काही ओळखीओळखीतून चालणारी. दिंडी दरवाजातून वाकून आत आलेला पाहुणा चौकात उभा राहतो आणि विचारतो, "किती जुना हो वाडा?" तेव्हा तुम्ही काय सांगता? घरात खरं काय घडलं ते लिहा. 'दोन-तीनशे वर्षं तरी असेल' एवढ्यावर थांबू नका. खाली चार घरांनी दिलेली उत्तरं आहेत.

वाई, मधली आळी
आमच्या गावात प्रत्येकाला आपला वाडा पेशवाईतल्या सरदार रास्त्यांच्या काळातला वाटतो. रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 चं, म्हणून शेजारची घरंही तेव्हाची ठरत नाहीत. आमच्याकडे पणजोबांचं खरेदीखत आहे. मी तेवढंच मागे जाते. पाहुणे कोरीव खांबांचे फोटो काढतात, मी त्यांना मागची भिंत दाखवते. खाली पांढऱ्या मातीची, हातभर रुंद, वर वीट. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात वरचा भाग कोसळला. सासूबाई मुलांना घेऊन अंगणात थंडीत बसल्या होत्या. माडी पुन्हा चढवलीच नाही, म्हणून जिना आज पत्र्याशी संपतो.

कराडजवळचं गाव
माजघराच्या तुळया एका अंगानं करपलेल्या आहेत. पाहुण्यांना वाटतं चुलीचा धूर. सुरुवातीला आम्ही तसंच वाटू देत होतो, कारण वडिलांना तो विषय नको असायचा. गांधीजींच्या हत्येनंतर, फेब्रुवारी 1948 मध्ये, आमच्या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्यात हेही पेटलं. त्या रात्री आजीला आणि लहान आत्यांना शेजारच्या मराठा कुटुंबानं गोठ्यात, वैरणीमागे लपवलं. आग विझवायला घागरी घेऊन धावले तेही त्याच घरातले. पुढं कूळकायद्यात जमीन गेली, आजोबा पुण्याला गेले. किल्ली शेजारच्या काकांकडे राहिली. देवघरात दिवा त्यांनी लावला, पावसाळ्यापूर्वी कौलंही त्यांनीच चाळली. घर उभं आहे ते त्यांच्यामुळे.

आज न्याहारीची थालिपीठं त्यांच्या सूनबाई करतात आणि उत्पन्नात त्यांचा निम्मा वाटा आहे. वडील गेल्यावर मी पाहुण्यांना सगळं सांगू लागलो, जाळणाऱ्यांचं आणि वाचवणाऱ्यांचंही. अर्धंच सांगितलं तर दोन्ही घरांवर अन्याय होतो, असं मला मनापासून वाटतं.

(कुणीतरी विचारलं होतं, तुळया बदलणार का? नाही. सुतारानं ठोकून पाहिल्या, आतला साग शाबूत आहे.)

हरिपूर, सांगली
आमचं घर हळदीच्या पेवांवर चाललं. जमिनीत खोल खणलेली पेवं, तोंड अरुंद. आत हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. 2005 च्या पुरात पाणी पेवांत शिरलं, माल कुजला आणि धंदाच बसला. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45. सोप्याच्या भिंतीवर दोन्ही पुरांच्या खुणा आम्ही मुद्दाम ठेवल्यात. पावसाळ्यात खालची खोली देत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

सातारा, मंगळवार पेठ
कासची फुलं बघायला ऑगस्ट-सप्टेंबरात गर्दी होते, एरवी शांत. एक कळकळीची विनंती : मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि भिंत पोटातून सुटते. आमची तशीच सुटली होती, आता चुन्याचा गिलावा केलाय, खर्च जास्त झाला पण खोली कोरडी आहे. संडास-बाथरूम चौकाच्या मागे वेगळं बांधलं, जुन्या भिंतीतून नळ नेलाच नाही. आणि काम काढण्याआधी मिळकतपत्रिकेवरच्या सगळ्या चुलत्यांची लेखी संमती घ्या. आमच्या एका आत्याबाईंची सही राहिली होती. त्या स्वतः येऊन राहिल्या, आपली बाळंतिणीची खोली कुठली ते दाखवलं, मगच सही केली.