शब्दचर्चा: ‘अ‍ॅपर्चर वाढव’ म्हणजे नेमकं काय वाढवायचं? (चौघांची चर्चा; परिच्छेदांवरची नावं ही बोलणाऱ्यांची टोपणनावं)

पाणवठा

फोटोग्राफीबद्दल मराठीत बोलताना एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘अ‍ॅपर्चर वाढव’. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, आणि त्याचं माप कॅमेऱ्यावर २.८, ८ अशा आकड्यांत दिसतं. ऐकणारा कधी ‘आकडा वाढव’ असं समजून २.८ वरून ८ वर जातो, तर कधी ‘छिद्र मोठं कर’ असं समजून ८ वरून २.८ वर येतो. सल्ला एकच, फोटो बरोबर उलटे. ‘शटर कमी कर’ची गतही तीच (शटर म्हणजे प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा ते ठरवणारी झडप). यात चूक शब्दाची की समजुतीची? अ‍ॅपर्चर, स्टॉप (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करण्याचं माप), डेप्थ ऑफ फील्ड (किती अंतरातलं स्पष्ट येतं ते), नॉईज (फोटोत उमटणारे दाणे) यांना चारचौघांत सहज खपतील असे मराठी शब्द आहेत का? कोशापुरते नकोत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला घाईत सांगता येतील असे हवेत.

कवडसा

चूक नामाची नाही, क्रियापदाची आहे. ‘अ‍ॅपर्चर’ हा शब्द खुशाल तसाच ठेवा, पण त्याच्यापुढे ‘वाढव’ आणि ‘कमी कर’ लावू नका. ‘उघड’ आणि ‘मिट’ म्हणा.

कारण असं. एफचा आकडा हा अपूर्णांकातला छेद आहे. एफ ८ म्हणजे लेन्सच्या नाभीय अंतराचा (फोकल लेंग्थ, लेन्सवर मिमीत लिहिलेली असते ती) आठवा भाग. ५० मिमीच्या लेन्सवर एफ २ ला छिद्राचा व्यास २५ मिमी असतो, एफ ८ ला ६.२५ मिमी. अर्ध्या भाकरीपेक्षा चतकोर लहान, हे कुणाला समजवावं लागत नाही. इथे वरचा ‘एक’ गाळून नुसता छेदच बोलला जातो, म्हणून घोळ होतो. ‘दोन स्टॉप उघड’ किंवा ‘एफ ८ पर्यंत मिट’ म्हटलं की दुसरा अर्थ निघूच शकत नाही.

मराठी नामच हवं असेल तर डोळ्याकडे बघा. लेन्समधली पात्यांची चकती म्हणजे बुबुळ आणि मधलं भोक म्हणजे बाहुली. उन्हात बाहुली आकसते, अंधारात मोठी होते. शिकवताना हे एकदा सांगितलं की पुढे आकड्यांची भीती राहत नाही. ‘छिद्र’ चालेल, ‘रंध्र’ नको. रंध्र म्हटलं की त्वचा आठवते.

तिकाटणं

उघड-मिट एकदम पटलं. शटरला मात्र ती जोडी लावू नका, कारण शटर तर प्रत्येक फोटोला उघडतं आणि मिटतंच. तिथे ‘वेळ’ हा शब्द आणा. ‘वेळ वाढव’ म्हणजे १/५०० वरून १/६० कडे, ‘वेळ कमी कर’ म्हणजे १/६० वरून १/५०० कडे. ‘स्पीड’ म्हटलं की दिशा फिरते, शिवाय कॅमेऱ्याच्या पडद्यावर अनेकदा १/५०० ऐवजी नुसतं ५०० दिसतं, म्हणजे वेळ कमी होताना आकडा वाढतो.

यात आणखी एक खाच आहे. पडद्यावर नुसता ४ दिसला तर तो सेकंदाचा चौथा भाग. ४ नंतर दोन छोट्या रेघा (″) असतील तर पूर्ण चार सेकंद. संध्याकाळी घाईत त्या रेघा नजरेतून सुटतात आणि १/४ समजून हातात धरलेला कॅमेरा चार सेकंद उघडा राहतो. १/४ लासुद्धा हात स्थिर राहणं कठीणच असतं, पण चार सेकंदांत फोटोत ओळखण्यासारखं काहीच उरत नाही.

दिवेलागण

‘स्टॉप’बद्दल. मूळ अर्थ ‘अडवणारी वस्तू’. १८५८ मध्ये जॉन वॉटरहाउस यांनी वेगवेगळ्या मापांची भोकं असलेल्या धातूच्या पट्ट्या लेन्सच्या खाचेत सरकवायची पद्धत आणली. कडेचा प्रकाश पट्टी अडवी, मधला भोकातून आत जाई. ‘स्टॉप’ म्हणजे ती अडवणारी पट्टी. मापाचं नाव ते पुढे झालं, आणि आज पट्टी गेली तरी माप राहिलं.

मराठीत त्याला ‘पट’ म्हणणारे भेटतात. ते टाळा. तीन स्टॉप म्हणजे तिप्पट नव्हे, दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट. ‘पायरी’ हा शब्द बसतो: एक पायरी चढलात की प्रकाश दुप्पट, उतरलात की निम्मा. एफ १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ या एकेक पायऱ्या. आकडे विचित्र वाटतात, कारण क्षेत्रफळ निम्मं व्हायला व्यास निम्मा करून चालत नाही, दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने भागावा लागतो.

बहुतेक कॅमेऱ्यांत चाकाचा एक खटका म्हणजे पायरीचा तिसरा भाग. म्हणून १/१२५ नंतर १/१६०, मग १/२००, मग १/२५०. तीन खटके, एक पायरी. हे बोटांना माहीत झालं की हिशेब अंधारातही जमतो: अ‍ॅपर्चर २.८ वरून ५.६ पर्यंत मिटलं, म्हणजे सहा खटके प्रकाश गेला. तो परत आणायला वेळ १/५०० वरून १/१२५ करा (सहा खटके), नाहीतर आयएसओ (फोटो किती उजळून दाखवायचा त्याचा आकडा) १०० वरून ४०० करा (सहा खटके).

पाणवठा

पायरी घेतली. मग ‘भरपाई’ बरोबर का? एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनला (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायचं बटण) काही जण ‘प्रकाशभरपाई’ म्हणतात.

दिवेलागण

भरपाई म्हटलं की उणीव भरून काढणं आलं, आणि ती फक्त अधिकाकडे जाते. हे बटण उणेकडेही जातं आणि तिकडेही तितकंच लागतं. मीटरला (कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला) समोरचं सगळं मध्यम राखाडी करायचं असतं. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर अशा वारकऱ्यांनी चौकट भरली तर कॅमेरा ते मळकं करतो. तिथे अधिक २/३ ते अधिक १. काळ्या म्हशीने चौकट भरली तर तो तिला राखाडी करतो. तिथे उणे २/३. ‘अधिक एक पायरी’, ‘उणे दोन खटके’ एवढंच पुरे, वेगळं नाव नको.

कवडसा

आता ‘फोटो खराब आला’कडे वळू, कारण इथे मराठीत शब्द भरपूर आहेत आणि ते ढिसाळपणे वापरले जातात. ‘हलला’, ‘फोकस गेला’, ‘फाटला’, ‘धुरकट आला’ ही चार वेगळी दुखणी आहेत आणि चारांवरचे उपाय वेगळे. कुणी नुसतं ‘ब्लर आलाय’ म्हणालं तर त्याला काय सांगणार?

फोटो पूर्ण मोठा करून एखादा दिव्याचा ठिपका किंवा डोळ्यातली चमक शोधा. ठिपक्याची रेघ झाली असेल आणि चौकटीतल्या सगळ्या ठिपक्यांच्या रेघा एकाच दिशेला असतील, तर हात हलला. वेळ कमी करा. ढोबळ नियम असा की वेळ १/नाभीय अंतर यापेक्षा जास्त नको. एपीएस-सी सेन्सरवर (प्रकाश टिपणारी चकती फुल फ्रेमपेक्षा लहान असलेल्या कॅमेऱ्यांत) नाभीय अंतराला दीडने गुणा: ५० मिमीला १/८०, २०० मिमीला १/३२०.

भिंत स्वच्छ आणि फक्त ताशावाल्याच्या काड्या पुसट, तर माणूस हलला. इथे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन काही कामाचं नाही, ते हाताचा थरकाप सावरतं, समोरच्याचा नाही. चालणाऱ्या माणसाला १/२५०, लेझीम-ढोलताशाला १/५०० किंवा त्याहून कमी वेळ.

ठिपक्याचं गोल वर्तुळ झालं आणि चेहऱ्याऐवजी मागचं झाड कोरीव आलं, तर फोकस गेला. फोकसचा चौकोन एकच ठेवून जवळच्या डोळ्यावर नेणं हा त्यावरचा उपाय. कॅमेऱ्यात डोळा ओळखायची सोय असेल तर ती वापरा.

सगळंच सारखं मऊ, फिकं, दिव्यांभोवती वलय असेल, तर लेन्सवर बोटाचा ठसा आहे किंवा बाष्प धरलंय. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की हे होतंच. बॅग बंद ठेवूनच वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या, मग उघडा. बाष्प कापडाने पुसत बसलात तर ते पुन्हा धरतं, कारण काच थंडच असते.

‘फाटला’ हा दोष कॅमेऱ्याचा नाहीच. पिक्सेल कमी पडले की फोटो फाटतो. ८ बाय १२ इंची छापीला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो. छपाईसाठी डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तिकाटणं

यात पाचवं दुखणं जोडा. एफ २२ पर्यंत मिटलं की फोटो हललेला नसतो, फोकस बरोबर असतो, तरी बारकावे मऊ होतात. ते विवर्तनामुळे: अगदी लहान भोकातून जाताना प्रकाश पसरतो. एपीएस-सीवर गरज नसताना एफ ११ च्या पुढे जाऊ नका.

पाणवठा

आणि ‘नॉईज’? ‘गोंगाट’ तर कानाचा झाला.

कवडसा

‘रवा’. तूप रवाळ असतं तसा फोटो रवाळ. फिल्मच्या काळातल्या ‘ग्रेन’लाही तो शोभतो. पण ‘आयएसओ चढवला म्हणून रवा आला’ हे अर्धसत्य आहे. रवा मुख्यतः प्रकाश कमी पडल्याने येतो. आयएसओ फक्त त्या थोड्या प्रकाशाचा उजेड वाढवून दाखवतो. रव्याच्या भीतीने आयएसओ ४०० वर अडकून काळपट फोटो काढायचा आणि घरी तीन पायऱ्या उजळायचा, यात काही वाचत नाही. उलट बऱ्याच कॅमेऱ्यांत सावलीतला रवा वाढतो. तिथे थेट ३२०० घ्या. म्हणून आयएसओला ‘संवेदनशीलता’ म्हणणंही मला खटकतं. सेन्सर तोच राहतो, त्याने दिलेल्या संकेताची फक्त पट्टी चढते. पेटीची पट्टी चढवतो तसं ‘आयएसओ चढव, उतरव’ म्हणा.

दिवेलागण

डेप्थ ऑफ फील्डला ‘क्षेत्रखोली’ लिहिलेलं वाचण्यात येतं, पण ऐकणाऱ्याला ती शेततळ्याची खोली वाटते. ‘फोकसचा पट्टा’ म्हणा. पट्टा म्हटला की रुंद-अरुंद हे शब्द आपोआप येतात आणि ‘शॅलो’चं ‘उथळ’ करावं लागत नाही. एपीएस-सी कॅमेरा, ५० मिमी लेन्स, माणूस दोन मीटरवर: एफ १.८ ला पट्टा सुमारे ११-१२ सेंटिमीटर, एफ ८ ला सुमारे अर्धा मीटर. आजी खुर्चीवर आणि नात तिच्या मागे हातभर अंतरावर उभी असेल, तर १.८ ला दोघींतली एकच स्पष्ट येईल. दोघींना एका रेषेत आणा, नाहीतर मिटा.

पट्टा मुद्दाम अरुंद करायचा आणि हाताशी १८-५५ ची किट लेन्सच (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) आहे, तर ५५ वर झूम करा, सव्वा मीटरपर्यंत जवळ जा आणि माणसाला भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे आणा. भिंतीला टेकून उभ्या माणसामागची भिंत कुठल्याच लेन्सने विरघळत नाही.

पाणवठा

शेवटचा शब्द: ‘बल्ब’. काजव्यांच्या फोटोंसंबंधी ‘बल्बवर ठेवा’ असं वाचून टॉर्च लावायचा की काय, असा प्रश्न पडतो.

तिकाटणं

टॉर्च अजिबात नको, फ्लॅशही नको. काजव्यांचं चमकणं हे जोडीदाराला दिलेलं बोलावणं असतं, आपल्या उजेडात ते थांबतं. ‘बल्ब’ म्हणजे दिवा नव्हे, रबरी फुगा. जुन्या कॅमेऱ्यांना नळीच्या टोकाला तो असे. दाबून धरला की हवेच्या दाबाने शटर उघडं राही, सोडला की मिटे. बटण धरून ठेवलंय तोवर शटर उघडं, हा अर्थ आजही तोच आहे. म्हणून मराठीत ‘धरून ठेव’ म्हटलं तरी काम भागतं. बहुतेक कॅमेऱ्यांत नेमून देता येणारी वेळ ३० सेकंदांवर संपते, त्यापुढे बल्ब आणि अडकवून ठेवता येणारा वायर रिमोट लागतो.

काजव्यांना मात्र तो दर वेळी लागत नाही. मे अखेरपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागात उजेड असतानाच पोहोचा. कॅमेरा तिपाईवर लावून समोरच्या झाडावर फोकस करा आणि लगेच मॅन्युअलवर टाका, अंधारात ऑटोफोकस नुसता घिरट्या घालत राहतो. स्टॅबिलायझेशन बंद. अ‍ॅपर्चर २.८ पर्यंत किंवा लेन्स उघडेल तितकं उघडा, आयएसओ ८०० ते १६००, वेळ २० ते ३० सेकंद. कॅमेरा न हलवता असे वीस-तीस फोटो काढा आणि संगणकावर ‘लाइटन’ पद्धतीने (प्रत्येक जागी सगळ्यांतला उजळ ठिपका ठेवून) एकावर एक रचा. एकच दहा मिनिटांचा फोटो काढला तर आभाळ पांढरं पडतं आणि मध्येच कुणाच्या मोबाइलचा उजेड आला की सगळंच वाया जातं. वीसपैकी एक खराब झाला तर तेवढा गाळता येतो. पडद्याचा उजेड किमान करा आणि फोटो काढल्यावर तो आपोआप दिसायची सोय बंद ठेवा, म्हणजे झाडाजवळच्या इतरांनाही अंधार मिळतो.