अभ्यासाची वेळ आणि घरातलं काम : तुमच्या घरी कसं होतं?

आईवडिलांनी माझ्यात आणि भावात कधी फरक केला नाही, असं मी कित्येक वर्षं सांगत आले. फी भरली, क्लास लावला, सगळं सारखंच. पण दहावीच्या वर्षी संध्याकाळी सातला तो अभ्यासाला बसायचा आणि मी कणीक मळायला. "तुझं काय, पटकन होतं गं," आई म्हणायची. भूमितीची वही मिसळणाच्या डब्याला टेकवून मी प्रमेयं पाठ केली. त्या पानावर हळदीची बोटं अजून आहेत. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात असं निघालं, पुरुषांची 97. ते वाचलं आणि ती वही आठवली. तुम्हीही लिहा. पुरुषांनी तर जरूर लिहा.

*

ताईला नववीतून काढलं. आई शेतावर जायची आणि धाकटा रांगता होता. तिनं आमचे डबे केले, वेण्या घातल्या, मी बी.एड. झाले. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिनं माझं ओळखपत्र हातात घेतलं आणि नाव मोठ्यानं वाचलं, एकेक अक्षर सुटं करत. 2024 पासून राज्यात 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या अनेक मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. फार चांगलं झालं. पण आमच्या घरी प्रश्न होता धाकट्याला कोण बघणार, हा. ताईपुढे मला आजही अपराधी वाटतं.

*

ताट उचलायला गेलो की आजी म्हणायची, "ठेव रे, बायका आहेत ना घरात." पहिलं भांडं हॉस्टेलला घासलं, अठराव्या वर्षी. धाकटी बहीण तेव्हा अकरा वर्षांची होती आणि रोज घासत होती.

*

आम्ही जपानमध्ये राहतो. इथे 1993-94 पासून गृहविज्ञान माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेत मुलग्यांनाही सक्तीचं आहे. माझा मुलगा शाळेतच बटण लावायला शिकला. शेजारचा बाबाही शिकला असणार, पण तो घरी येतो रात्री दहाला.

*

काल मुलाला मेथी निवडायला बसवलं, तर सासूबाई लगबगीनं उठल्या, "दे, मी करते." मी जुडी सोडून दोन वाटे केले, एक त्याच्यापुढे, एक त्यांच्यापुढे. तो देठासकट टाकत होता. थोडा वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. मग त्याच्या हातातली काडी घेतली, म्हणाल्या, "अरे, इथून खुडायचं."